मिलू वाचायला लागला तेव्हा

आमच्या अंगणात कपड्यांपेक्षा पाट्याच जास्त वाळत असायच्या. बाबा पेंटर होते. भिंती रंगवणारे नव्हे, अक्षरं रंगवणारे. कामठी रोडला लागून आमची वस्ती, आणि तिथून पुढे दूरपर्यंतच्या किराणा दुकानांवर, पिठाच्या चक्क्यांवर, सायकलच्या दुकानांवर त्यांच्याच हातची अक्षरं. सकाळी सरळ रेघ उमटवायला खडूच्या भुकटीत बुडवलेली सुतळी पत्र्यावर ताणून ते सोडायचे, तिचा टण्ण आवाज व्हायचा आणि मी अंथरुणातच ओळखायचे की आता उठायला हवं. टर्पेंटाइनचा वास घरभर भरलेला असे. कपड्यांना तो वास, दप्तराला तो वास. आई वरणाला लसणाची फोडणी द्यायची तेव्हा घटकाभर लसूण जिंकायचा, मग पुन्हा तोच वास. शाळेत मुली नाक मुरडायच्या, तर मी त्यांना सांगायचे की तुमच्या बापाच्या दुकानावरचं नाव माझ्या बापानं लिहिलंय, गप बसा. तोंडाची मी तेव्हाही तिखटच होते, आता साठी उलटल्यावर काय बदलणार.

समोरची खोली आत्याची. सुमनआत्या ही बाबांची थोरली बहीण. आईबाप लवकर गेले म्हणून तिनंच बाबांना वाढवलं, त्यांच्यासाठी स्वतः लग्न केलं नाही आणि ती हे कधी बोलून दाखवत नसे, म्हणून तर ते सगळ्यांना जास्त जाणवायचं. कामठीच्या एका शाळेत ती मास्तरीण होती. सकाळी पांढऱ्या साडीला पिना लावून, छत्री काखेत मारून बस पकडायची आणि संध्याकाळी परत आली की घर आपोआप सरळ व्हायचं. बाबांचा रेडिओ बारीक व्हायचा, माझी वही उघडायची, आईच्या डोक्यावर पदर यायचा. आत्यानं कुणावर हात उचललेला मी पाहिला नाही. ती नुसती चष्म्याच्या वरून पाहायची, तेवढं पुरायचं. आमच्यात शिक्षण म्हणजे काय होतं हे आज माझ्या नातीला समजावून सांगता येत नाही. तिला शाळा म्हणजे व्हॅन आणि डबा. आत्याला शाळा म्हणजे तिच्या बापानं दगड फोडून तिला मिळवून दिलेली जागा होती आणि त्या जागेवर ती अजून ताठ बसली होती. भावाचं लग्न करताना तिची एकच अट होती, मुलगी शिकलेली पाहिजे.

आणि माझ्या आईला वाचता येत नव्हतं.

हे घरात तिघांना माहीत होतं. आईला, बाबांना आणि मला. आई मौद्याकडच्या एका खेड्यातली. शाळेत घातली होती म्हणे, पण धानाची रोवणी आली की शाळा बुडायची, आणि एका वर्षी बुडाली ती बुडालीच. बाबांनी तिला कुणाच्या तरी लग्नात पाहिलं, त्यांना ती आवडली आणि त्यांनी बहिणीला सांगून टाकलं की पोरगी दहावी झालेली आहे. लग्नानंतर गुपचूप शिकवू असा त्यांचा विचार होता. मग मी झाले, मग मधली दोन मुलं गेली, मग मिलू झाला, आणि शिकवायचं राहूनच गेलं. आई मात्र त्या एका वाक्याच्या ओझ्याखाली बारा-तेरा वर्षं वावरत होती. तिनं एक चष्मा मिळवला होता, तिला त्याची काडीचीही गरज नव्हती. वाचायची वेळ आली की चष्मा हरवलेला असायचा. हळद, तिखट, मसाल्याची पाकिटं ती रंगावरून ओळखायची, बस ओळखायची ती कंडक्टरच्या ओरडण्यावरून. सही मात्र झोकात करायची, कारण तेवढीच बाबांनी गिरवून घेतली होती. मला हे कळलं ते एकदा पाकिटाचा रंग बदलला तेव्हा. तिनं धन्याची पूड समजून दुसरंच काही भाजीत घातलं आणि मी म्हटलं, "आई, यावर लिहिलं तं हाये." तिनं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं त्यावरून मला सगळं समजलं. ती म्हणाली, "तुह्या आत्याले नको सांगू." त्या दिवसापासून तिची भीती अर्धी माझी झाली.

मिलू माझ्यापेक्षा खूप लहान. तेव्हा त्याला तिसरं नुकतंच लागलेलं. बोलायला उशिराच लागला होता. इतर पोरं घर डोक्यावर घ्यायची त्या वयात हा बाबांच्या शेजारी मांडी घालून बसायचा आणि ब्रश कुठे जातो ते पाहायचा. बाबांना काम करताना पुटपुटायची सवय होती. द काढला की द म्हणायचे, ळ काढला की ळ म्हणायचे, आणि पाटी पुरी झाली की मागे सरून अख्खी पाटी एकदा मोठ्यानं वाचायचे, चूक तर नाही ना म्हणून. ते मिलूला शिकवत नव्हते. मिलू शेजारी आहे हेही त्यांच्या ध्यानात नसायचं. पण पोरगं ते पीत होतं. एकदा ओल्या अक्षरावरून बोट फिरवलं म्हणून त्याला धपाटा बसला. बोट तांबडं झालं होतं, आणि नीट पाहिलं असतं तर दिसलं असतं की फासलेला रंग अक्षराच्या बाहेर कुठेच गेला नव्हता. कोण पाहतो नीट.

मिलू वाचतो हे आम्हाला कळलं धंतोलीला, शहरातल्या दवाखान्यांच्या भागात. मिलूचा खोकला हटेना म्हणून आई त्याला घेऊन एका डॉक्टरकडे गेली होती आणि पाट्या वाचायला अर्थातच मी सोबत. लांब बोळ, दोन्ही बाजूंना बाकं, गडचिरोलीपासून यवतमाळपर्यंतची माणसं पिशव्या पायाशी घेऊन बसलेली. आमचा नंबर येता येईना. मिलू किरकिर करू लागला, मग एकाएकी थांबला. आईच्या खांद्यावरून त्यानं मागे बोट केलं आणि म्हणाला, "पाणी." आई म्हणाली, "पाणी कुठचं इथं बाप्पा, घरी गेल्यावर पेजो." त्यानं पुन्हा बोट केलं. "पाणी." तिकडे नुसता दरवाजा होता, बंद, आणि त्याच्यावर एक छोटी निळी पाटी. मी मागे वळून पाटी वाचली. पिण्याचे पाणी. मी काही बोलायच्या आत शेजारच्या बाईनं सांगितलं, "हो ना, त्या दरवाज्याच्या मागंच नळ हाये." आईनं मिलूकडे पाहिलं. त्याला आम्ही तिथे पहिल्यांदाच आणलं होतं. नळ दिसत नव्हता, आवाज येत नव्हता. तिनं मला विचारलं, "तिथं काय लिहिलं हाये?" मी सांगितलं.

परतीच्या ऑटोत ती मिलूला मांडीवर घट्ट धरून बसली. मिलू मात्र मजेत होता. त्याला वाटेतल्या पाट्या दिसत होत्या आणि ओळखीचं काही आलं की तो म्हणायचा. दूध. दळण. बंद. प्रत्येक शब्दाला आई दचकायची. घरी आल्यावर तिनं मला मोरीपाशी ओढलं. "तू शिकवलं का याले?" मी म्हटलं, नाही. "तुह्या बाबानं?" बाबांनाही विचारलं, ते हसले, म्हणाले, ऐकून ऐकून बडबडत असेल. "मंग कोनं शिकवलं?" आई म्हणाली. दुसऱ्या एखाद्या घरात याला काहीतरी उत्तर सापडलं असतं. गेल्या जन्मीचं म्हणाले असते, बाहेरचं म्हणाले असते, लिंबू उतरवून मोकळे झाले असते. आमच्या घरात त्या गोष्टींना उंबऱ्याच्या आत जागा नव्हती आणि आईलाही ते मनापासून मान्य होतं. त्यामुळे तिची भीती नुसतीच भीती राहिली, तिला बसायला पाट नव्हता.

मग ती वेड्यासारखं करू लागली. मी शाळेतून यायचे तर फळीवर अंथरलेले वर्तमानपत्राचे कागद उलटे घातलेले, कॅलेंडर भिंतीकडे तोंड करून, बिस्किटाचा पुडा रिकामा करून बिस्किटं डब्यात आणि पुडा चुलीत. एक दिवस तिनं अंगणातल्या सगळ्या पाट्या भिंतीकडे फिरवून ठेवल्या. त्यातली एक ओली होती. बाबांनी ती उचलली तर चुन्याच्या भिंतीवर तांबडी उलटी अक्षरं उमटलेली. बाबा फार चिडत नसत, त्या दिवशी चिडले. "काहून केलं वं हे?" आई म्हणाली, "ऊन लागून राहिलं होतं." रंगाला ऊन लागू नये म्हणून कुणी पाटी फिरवत नाही, हे तिलाही माहीत होतं. बाबा रॉकेलचा बोळा घेऊन भिंत पुसू लागले. मी आईला विचारलं की तुला नेमकं कशाचं भेव वाटतं. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मले त्याचंच भेव वाटते वं. मले तो बोट दाखवून विचारते आणि मी काहीबाही सांगतो. एक दिवस तो सगळ्यांपुढं म्हणन, नाही." स्वतःच्या पोटच्या पोराला घाबरणारी आई मी पाहिली आहे, आणि ते पोर अजून बिछाना ओला करत होतं.

आत्याला कळायचं ते एका रविवारी कळलं. ती खोलीत पेपर वाचत बसली होती, मिलू तिच्या पायाशी. त्यानं मथळ्यावर बोट ठेवून काहीतरी म्हटलं. आत्यानं पेपर खाली केला, चष्म्याच्या वरून पाहिलं, मग उठून पाटी-पेन्सिल आणली. तिनं 'कमळ' लिहिलं. मिलू एकेक अक्षर म्हणाला आणि शेवटी सगळं मिळून म्हणाला. तिनं 'मगर' लिहिलं. तेही म्हणाला. मी दाराशी उभी राहून पाहत होते. ती आनंदानं रडली असं म्हटलं तर ती राखेतून उठून मला ओरडेल, पण डोळे पुसले तिनं. मग बाहेर येऊन मोठ्यानं विचारलं, "याला शिकवलं कोणी?" बाबा डब्यात रंग ढवळत होते. त्यांनी विचार केला नाही की केला, कोण जाणे. म्हणाले, "वत्सलानं." आई चुलीपुढे पाटवड्या थापत होती. तिचा हात तसाच थाळीवर राहिला.

आत्याची बदली झाली होती. रामटेकच्या एका शाळेत मोठी बाई, म्हणजे मुख्याध्यापिका म्हणून जायचं होतं, राहायला क्वार्टर मिळणार होतं. त्या दिवशी जेवताना ती म्हणाली, "मिलिंदला मी सोबत नेते." ती पुढे म्हणाली की असं मूल हजारात एखादं, त्याला योग्य हातात पडायला पाहिजे, इथे पाट्या आणि टर्पेंटाइन यांच्यात त्याचं काय होणार. शाळेजवळ राहील, बालवाडीत बसेल, संध्याकाळी मी आहेच. तिनं काही वाईट मनात ठेवून म्हटलं नव्हतं. तिनं एक भाऊ वाढवला होता, आता भाच्याला वाढवेल, तिच्या हिशोबी सरळ होतं. आणि आमच्या घरात तिच्या शब्दापुढे बोलायची रीत नव्हती. आईनं माझ्या मांडीवर हात दाबला, तो हात लाकडासारखा ताठ. तेव्हा बाबा बोलले. सगळ्या आयुष्यात बहिणीपुढे एवढं बोलताना मी त्यांना ऐकलं नव्हतं. "आक्का, त्याची माय त्याले शिकवून राहिली ना. एवढं तिनंच शिकवलं. मंग तिच्यापासून कायले तोडाचं?"

आत्यानं ताटातली भाकर कुस्करली. मग म्हणाली, "बरोबर आहे. ज्या आईनं हे केलं तिच्याकडून मूल घेणं योग्य नाही. राहू दे तिच्याजवळ." मी श्वास सोडणार तोच ती आईकडे वळली. "मात्र वत्सला, या पौर्णिमेचं वाचन तू करायचं. इतकी वर्षं चष्म्याचं कारण ऐकते मी. जायच्या आधी मला ते ऐकायचं आहे."

वर्षावास सुरू होता. पावसाळ्याच्या त्या तीन महिन्यांत आमच्या बुद्धविहारात रोज संध्याकाळी धम्मग्रंथाचं वाचन असे, आजही असतं. वस्तीतल्या बाया पाळीपाळीनं वाचायच्या, काल जिथे थांबलं तिथून आज पुढे. पांढऱ्या साड्या नेसून सगळ्या बसायच्या, पौर्णिमेला खीर व्हायची. आईची वाचायची पाळी आली की दर वर्षी तिचं अंग दुखायचं, डोळे यायचे, मी आजारी पडायचे. आता पळायला जागा नव्हती. वाचता आलं नाही तर बाबांचं बोलणं खोटं ठरणार, आणि बाबांचं बोलणं हीच एक गोष्ट मिलूला घरात धरून होती.

पाठ करून घ्यायची कल्पना माझी. मी हिशोब मांडला की रोज इतकं वाचतात, म्हणजे पौर्णिमेला अमुक भाग येईल. शेजारच्या घरून ग्रंथाची प्रत आणली आणि रोज दुपारी मी वाचायचे, आई माझ्यामागून म्हणायची, आंबाडीची भाजी निवडत, भांडी घासत, मिलूला भरवत. तिची स्मरणशक्ती काय सांगू. रोवणीची गाणी लहानपणी ऐकलेली ती अजून अथपासून इतिपर्यंत म्हणू शकते. चार-सहा दिवसांत तिला सगळं तोंडपाठ झालं, विरामचिन्हांसकट. पान कुठल्या शब्दाला उलटायचं तेही बसवलं. माझ्या मनात आलं, जमलं बुवा. पण सरावाच्या वेळी मिलू दुडदुडत यायचा, तिच्या मांडीत शिरायचा आणि पानावर बोट ठेवायचा. आईची नजर आणि शब्द पुढे, त्याचं बोट भलतीकडे. तो तिच्या तोंडाकडे पाहायचा, पुन्हा पानाकडे पाहायचा. बोलायचा नाही काही. आई म्हणायची, "या पोट्ट्याले त्या दिवशी तिथं नको आणू." ठरलं की शेजारच्या कौसाबाई त्याला सांभाळतील. त्यांना गुडघ्यामुळे विहारात खाली बसवत नसे.

पौर्णिमेला आईनं सकाळपासून पाणीसुद्धा घेतलं नाही. विहारात ट्यूबलाइट गुणगुणत होती, उदबत्तीचा धूर, ओल्या छत्र्यांचा वास, मागे शिजत्या खिरीचा वास. वंदना झाली. आत्या पहिल्या रांगेत, पाठ ताठ. आई पुढे जाऊन बसली, चष्मा लावला, समोर चौरंगावर ग्रंथ होता, त्यात खूण घातलेली. तिनं उघडला, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि सुरू केलं. आवाज हळूहळू लागला. काय सुंदर म्हणत होती. मला पहिल्यांदा वाटलं की भीती संपली. आणि मग मी बायांच्या तोंडाकडे पाहिलं. त्या एकमेकींकडे बघत होत्या. माझ्या शेजारची एक कुजबुजली, "हे तं पुढचं हाये. काल लाइट गेले तं मायाबाईचं अर्धंच राह्यलं होतं ना." खूण जिथे होती तिथे ग्रंथ उघडला होता, आणि आई म्हणत होती ते त्या पानावर नव्हतंच. माझा हिशोब एका विजेच्या तारेनं चुकवला होता. आईला हे समजायचा काही मार्गच नव्हता. ती म्हणत होती आणि ठरलेल्या शब्दाला तिनं पान उलटलं.

त्यात मिलू आला. कौसाबाईंचा डोळा लागला असेल नाहीतर दार उघडं राहिलं असेल, चिखलाच्या पायांनी तो बायांमधून वाट काढत गेला आणि नेहमीसारखा तिच्या मांडीत बसला. पानावर बोट ठेवलं. "घर," तो म्हणाला. विहारात सगळ्यांना ऐकू गेलं. आई थांबली नाही, भराभर पुढे म्हणू लागली. त्यानं तिच्या तोंडावर हात ठेवला, पोरं ठेवतात तसा, आणि म्हणाला, "नाही आई. घर."

आई थांबली. आत्या उठून पुढे गेली, वाकून पान पाहिलं, मग आईकडे पाहिलं. चष्म्याच्या वरून नाही, चष्म्यातून. मी तिथे नसते तर बरं झालं असतं असं मला तेव्हा वाटलं. बाबा मागे पुरुषांत उभे होते, ते पुढे यायला निघाले, आईनं मान हलवून त्यांना थांबवलं. चष्मा काढून चौरंगावर ठेवला.

"आक्का, मले वाचता येत नाही," ती म्हणाली. "कधीच येत नव्हतं. याले मी नाही शिकवलं. कोनंच नाही शिकवलं, आपल्या मनानं शिकला."

"म्हणजे तुम्ही दोघं मला..." आत्याचा आवाज फाटला आणि तिची शाळेतली भाषा गळून पडली. "तेरा वरसं मले फसवून राहिले?"

"हो."

"मंग मी पोरगं नेतो. आता तं मले कोणी थांबवू नका."

मिलूला काही कळत नव्हतं. तो पुढचा शब्द शोधत होता. आईनं त्याला घट्ट धरला नाही की रडली नाही. ती हळू बोलली, पण मी जवळ होते, मला शब्दन् शब्द ऐकू आला. "न्या आक्का. पण त्याले तं वाचता येतेच. तुमच्याजवळ येऊन तो काय शिकन? तो माझ्याजवळ राह्यला तं मी शिकीन."

आत्या उभीच राहिली. मला वाटतं तिच्या एवढ्या वर्षांच्या नोकरीत तिला कुणी असं उत्तर दिलं नसेल. मग ती म्हणाली, "आश्विन पौर्णिमेपर्यंत. वर्षावास संपायच्या दिवशी इथंच बसून वाचायचं. मी उघडेन ते पान. नाही आलं तर दुसऱ्या दिवशी मिलिंद माझ्यासोबत बसमध्ये." आणि ती खाली बसली. मायाबाईंनी ग्रंथ ओढून घेतला आणि काल राहिलेल्या ठिकाणाहून वाचायला लागल्या. खीर वाटली, आम्ही घरी आणली, कुणी खाल्ली नाही.

लोक मला म्हणतात, किती छान गोष्ट आहे, मुलामुळे आई शिकली. छान वगैरे काही नव्हतं. ते दोन महिने आमच्या घरात कुणी नीट झोपलं नाही. आत्या रामटेकला गेली, पण तिची खोली तशीच होती आणि दर शनिवारी ती दुपारच्या बसनं यायची, आईपुढे पेपर टाकायची आणि घड्याळाकडे पाहत बसायची. बाबांनी आईसाठी पत्र्यावर मोठी अक्षरं काढून दिली. मी शाळेतून आले की शिकवायचे आणि माझा स्वभाव मुळातच तापट, मी ओरडायचे. जोडाक्षर आलं की आई पाटी पालथी घालायची. सगळ्यात वाईट म्हणजे मिलू. तो खेळायचं सोडून तिच्या पाटीत डोकं घालायचा आणि तिच्या आधी म्हणून टाकायचा, आणि ती त्याच्याकडे असं पाहायची की जणू तो आत्ताच पिशवी घेऊन निघाला आहे. एक दिवस त्यानं विचारलं, "आई, तू रडते काहून?" तिनं सांगितलं, टर्पेंटाइन डोळ्यात गेलं.

आश्विन पौर्णिमेला आत्यानं पान उघडलं. मधलंच कुठलं तरी, आम्ही कधी न पाहिलेलं. आईनं मिलूला शेजारी बसवला, मांडीवर नाही. ती वाचू लागली. बोट शब्दाखाली, एक शब्द, मग थांबणं, मग दुसरा. मोठ्या शब्दाला ती अडकली, मागे फिरली, पुन्हा तोच शब्द घेतला. बाया ऐकत होत्या, कुणी घाई केली नाही, कुणी मदतही केली नाही, कारण आत्या बसली होती. मिलूच्या ओठांवर पुढचा शब्द तयार असायचा. पण तो बोलला नाही. मी पाहिलं तेव्हा मला कळलं का ते. उजव्या हाताचं बोट आईनं पानावर ठेवलं होतं आणि डाव्या हातानं त्याचं मनगट धरलं होतं, इतकं घट्ट की त्याची बोटं पांढरी पडली होती. पान संपलं. आत्या म्हणाली, "पुरे." तिनं आईकडे पाहिलं आणि उठून खिरीच्या पातेल्याकडे गेली. दुसऱ्या दिवशी ती एकटीच रामटेकच्या बसमध्ये चढली.

आई आता ऐंशीच्या पुढे आहे. मिलू पुण्याला असतो, फोनवर बोलतो, दिवाळीला येतो. मी रोज सकाळी तिच्याकडे जाते. ती पेपर उघडते आणि पहिल्या पानापासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत वाचते, अजून तसंच, बोट फिरवत. शेजारी जो कोणी बसला असेल, मी, माझी नात, दूधवालासुद्धा, त्याचं मनगट ती डाव्या हातानं धरून ठेवते. आपण धरलं आहे हे तिला ठाऊकही नसतं. पेपर संपेपर्यंत मला हात हलवता येत नाही, चहा गार होतो. मी सोडवून घेत नाही.